ढांग टाकणारा डावा हात : स्ट्राइड पियानोचा उदय, अस्त आणि पुनरागमन

#धागा #इतिहास #जॅझ

१/
२५ एप्रिल १९४५. दुसरे महायुद्ध युरोपात संपायला अवघे तेरा दिवस उरले होते. त्या दिवशी कोलकात्यात पटकीने एका अमेरिकी कृष्णवर्णीय पियानोवादकाचा मृत्यू झाला. वय एक्केचाळीस, नाव टेडी वेदरफर्ड. शिकागोत ते लुई आर्मस्ट्राँग यांच्यासोबत वाजवत असत. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यांच्या वादनावर संस्थानिक, पारशी सावकार आणि इंग्रज अंमलदार नाचत असत. आज मात्र जॅझच्या बहुतेक इतिहासग्रंथांत त्यांना एखादी तळटीप मिळते. त्यांच्या वादनशैलीचे नाव स्ट्राइड. तिचा उदय, अस्त आणि पुनरागमन या धाग्यात पाहू. या कथेतील एक मोठा टप्पा मुंबईचा आहे.

२/
आधी शैली समजून घेऊ. ‘स्ट्राइड’ म्हणजे ढांग. चार मात्रा धरा. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला डावा हात पियानोच्या डाव्या टोकाकडे जाऊन खर्जातला स्वर वाजवतो. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला तोच हात उडी घेऊन मधल्या सप्तकात येतो व तीन-चार पट्ट्या एकदम दाबून स्वरसंघात, म्हणजे कॉर्ड, वाजवतो. पुन्हा खाली, पुन्हा वर. ही ये-जा अखंड चालू असताना उजवा हात चाल वाजवतो. तीही सरळ नव्हे, तर मात्रेच्या किंचित आधी किंवा मागे स्वर टाकत. आपल्या मैफलीच्या भाषेत सांगायचे तर ठेका आणि खर्ज दोन्ही डाव्या हाताकडे, आणि गायकी उजव्या हाताकडे.

३/
हे किती अवघड आहे? खर्जात अनेकदा एकच स्वर न वाजवता ‘सा’ आणि पुढच्या सप्तकातला ‘ग’ हे दोन स्वर एकाच हाताने धरले जातात. म्हणजे करंगळी ते अंगठा हे अंतर दहा पांढऱ्या पट्ट्यांचे. असा ताणलेला हात पुढच्याच मात्रेला दीड-दोन सप्तके ओलांडून अचूक पट्टीवर पडला पाहिजे, आणि वादकाने तिकडे पाहायचे नाही, कारण नजर उजव्या हाताला हवी असते. लय द्रुत असेल तर अशा उड्या मिनिटाला शंभरावर जातात. या शैलीत एक माणूस अख्ख्या वाद्यवृंदाचे काम करतो. त्याला हे का करावे लागले, याचे उत्तर पुढे येईल. ते संगीताइतकेच अर्थकारणातले आहे.

४/
महाराष्ट्राला पट्ट्यांचे वाद्य नवे नव्हते. परंतु हातपेटीवर डावा हात भात्याला जुंपलेला असतो. वादनाचा भार उजव्यावर. संगीत नाटकांतील पायपेटीने, म्हणजे ऑर्गनने, भाता पायांकडे दिला आणि दोन्ही हात मोकळे केले. बालगंधर्वांच्या गायनामागे वाजणारा तो भरदार नाद पायपेटीचाच. तरीही आपल्या संगीताची प्रकृती रागाची, एका वेळी एका स्वराच्या ओळीची. त्यामुळे मोकळा झालेला डावा हात येथे मुख्यतः उजव्या हाताला भरणा देत राहिला. त्या हाताने स्वतंत्रपणे ढांगा टाकाव्यात, ही गरज दुसऱ्या भूमीत, दुसऱ्या लोकांना निर्माण झाली.

५/
ती भूमी अमेरिका. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कृष्णवर्णीय वादकांनी रॅगटाइम ही शैली घडवली. स्कॉट जॉप्लिन यांची ‘मेपल लीफ रॅग’ ही रचना १८९९ साली छापली गेली. रॅगटाइममध्येही डावा हात खर्ज-कॉर्ड, खर्ज-कॉर्ड असाच चालतो. मात्र रचना कागदावर नेमून दिलेली आणि चाल संथ, डौलदार. १९१७ साली जॉप्लिन वारले, तेव्हा न्यूयॉर्कमधील तरुण पियानोवादक हाच साचा अधिक वेगाने, अधिक लांब उड्यांनी आणि मुख्य म्हणजे ऐनवेळच्या उपजेने वाजवू लागले होते. रॅगटाइम ते स्ट्राइड हा प्रवास एका रात्रीत घडला नाही. दोहोंच्या सीमेवर वाजवणारे अनेक वादक होते.

६/
या मंडळींत अग्रभागी होते जेम्स पी. जॉन्सन (१८९४–१९५५). तरुणपणी ते न्यूयॉर्कच्या ‘जंगल्स कॅसिनो’ नावाच्या एका साध्या नृत्यगृहात वाजवत. तेथे दक्षिणेतील कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरून स्थलांतर करून आलेले कष्टकरी नाचायला येत आणि आपल्या गावाकडच्या नाचांसाठी संगीत मागत. जॉन्सन यांची ‘कॅरोलिना शाउट’ ही रचना त्या मागणीतून जन्मली. तिचे मूळ दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या वर्तुळाकार भक्तिनृत्यात आहे. औद्योगिक शहरात आलेल्या माणसाने आपले गाव सोबत आणले आणि शहराच्या वाद्यातून ते वदवून घेतले. पिंपरी-चिंचवडच्या चाळींत आणि वसाहतींत कोकणचे भजन व मराठवाड्याचे भारूड ज्यांनी ऐकले आहे, त्यांना ही प्रक्रिया वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

७/
आता अर्थकारण. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास लाखो कृष्णवर्णीय दक्षिणेतून उत्तरेकडील शहरांत आले. वर्णभेदामुळे त्यांना मोजक्याच वस्त्यांत घरे मिळत, आणि मोजकी घरे म्हणजे चढे भाडे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात यावर एक उपाय निघाला : ‘रेंट पार्टी’. घरातले सामान बाजूला सारायचे, जेवण रांधायचे, दारावर थोडे पैसे घ्यायचे, रात्रभर नाच ठेवायचा आणि जमलेल्या रकमेतून महिन्याचे भाडे भरायचे. अशा घरात वाद्यवृंद ठेवायला जागा नसे आणि ऐपतही नसे. परवडे तो एक पियानोवादक. म्हणून त्या एकट्याने ड्रम, बास आणि सनई-तुतारी या सगळ्यांची जागा भरायची. डाव्या हाताच्या ढांगेमागे हे भाडे उभे होते.

८/
एकाच रात्री दोन-तीन वादक आले की स्पर्धा जुंपे. एकाने वाजवायचे, दुसऱ्याने तीच चाल अधिक अवघड करून परतवायची. आपल्याकडच्या कलगी-तुऱ्याच्या फडाशी हिचे नाते जवळचे वाटेल. तेथेही सवालाला जबाब देता न आल्यास शाहिराची नाचक्की होते. विली ‘द लायन’ स्मिथ डोक्यावर हॅट, तोंडात चिरूट अशा थाटात बसत. लकी रॉबर्ट्स यांच्या हातांचा पल्ला असामान्य होता. या रात्रींची नोंद कोणत्याही कागदावर झालेली नाही. आपल्याला त्या कळतात त्या वादकांनी उतारवयात सांगितलेल्या आठवणींतून, आणि म्हणूनच कोण जिंकले याचे वर्णन सांगणाऱ्यागणिक बदलते. इतिहासाच्या अभ्यासकाने हे ध्यानात ठेवायला हवे.

९/
ही विद्या पसरली कशी? एका यंत्राने. त्या काळी स्वयंचलित पियानो घरोघरी लोकप्रिय होते. कागदाच्या गुंडाळीवर छिद्रे पाडलेली असत. गुंडाळी फिरली की छिद्रांतून हवा खेळे आणि त्या-त्या पट्ट्या आपोआप खाली जात. ‘कॅरोलिना शाउट’ची गुंडाळी बाजारात आली आणि वॉशिंग्टनमधल्या एका तरुणाने यंत्राचा वेग कमी करून, खाली जाणाऱ्या पट्ट्यांवर बोटे ठेवून ती रचना पाठ केली. त्याचे नाव ड्यूक एलिंग्टन. फॅट्स वॉलर यांनीही आरंभी अशाच गुंडाळ्यांवरून शिकून मग खुद्द जॉन्सन यांचे शिष्यत्व पत्करले.

१०/
चाकण-भोसरीच्या कारखान्यांत वावरणाऱ्या वाचकांसाठी एक समांतर गोष्ट. १९५२ साली अमेरिकेतील एमआयटीमध्ये संख्यात्मक नियंत्रणावर चालणारे पहिले मिलिंग यंत्र प्रदर्शित झाले, तेव्हा त्यालाही सूचना मिळत होत्या त्या छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरूनच. आजच्या सीएनसी यंत्रांचे ते पूर्वज. माणसाच्या हाताची हालचाल छिद्रांत नोंदवायची आणि यंत्राकडून हवी तितक्यांदा करून घ्यायची, ही कल्पना दोन्हीकडे एकच. मात्र हार्लेममध्ये एक उलट गोष्ट घडली : माणूस यंत्राकडून ते कौशल्य परत शिकला.

११/
१९२१ साली जॉन्सन यांनी ‘कॅरोलिना शाउट’ची तबकडीही ध्वनिमुद्रित केली. १९२३ च्या त्यांच्या ‘चार्ल्सटन’ या चालीवर अवघी अमेरिका नाचली. १९२९ मध्ये फॅट्स वॉलर यांची ‘हँडफुल ऑफ कीज’ ही तबकडी आली. स्ट्राइडचा आदर्श नमुना म्हणून आजही तिच्याकडे पाहिले जाते. पुढे जवळजवळ दृष्टिहीन असलेल्या आर्ट टेटम यांनी या शैलीला अशा वेगावर नेले की इतर वादक अवाक् झाले. १९२० आणि १९३० ही दोन दशके स्ट्राइडचा मध्यान्हकाळ.

१२/
आता टेडी वेदरफर्ड यांच्याकडे वळू. जन्म १९०३, अमेरिकेच्या कोळसा खाणींच्या पट्ट्यात. पियानो ते न्यू ऑर्लिन्समध्ये शिकले आणि तरुणपणी शिकागोला आले. तेथे व्हेंडोम नावाच्या चित्रपटगृहात मूकपट चालू असताना अर्स्किन टेट यांचा वाद्यवृंद वाजवत असे. वेदरफर्ड त्याचे पियानोवादक. मे १९२६ मध्ये या वृंदाने दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यात ट्रंपेटवर लुई आर्मस्ट्राँग आहेत आणि पियानोवर वेदरफर्ड. त्या काळच्या शिकागोत त्यांचे नाव अर्ल हाइन्स यांच्या बरोबरीने घेतले जाई. त्याच वर्षी त्यांनी जॅक कार्टर यांच्या वृंदासोबत आशियाची वाट धरली.

१३/
हा निर्णय त्यांच्या कीर्तीला महाग पडला. पुढच्याच वर्षी बोलपट आला आणि अमेरिकेतील चित्रपटगृहांतल्या हजारो वादकांच्या नोकऱ्या गेल्या. त्या अरिष्टातून वेदरफर्ड वाचले. परंतु जॅझच्या तबकड्या, मासिके आणि समीक्षक यांचे जग ज्या काळात न्यूयॉर्कमध्ये उभे राहत होते, त्या काळात ते शांघायच्या नृत्यगृहांत वाजवत होते. कवी लँग्स्टन ह्यूज १९३३ साली त्यांना तेथेच भेटले. आशियात त्यांना मान होता, उत्तम वेतन होते, आणि मायदेशी कृष्णवर्णीयाला जो वेगळा दरवाजा दाखवला जाई तो येथे बऱ्याच अंशी नव्हता. जे समोर नव्हते ते इतिहासात नोंदले गेले नाही, इतकेच.

१४/
मुंबईचे ताजमहाल हॉटेलही १९०३ सालचे. वेदरफर्ड यांच्याच वयाचे. ते उभारणाऱ्या टाटांचा मोटार कारखाना साठ वर्षांनी पिंपरीत आला, एवढाच या कथेचा आपल्या परिसराशी थेट धागा. १९३५ च्या हिवाळ्यात व्हायोलिनवादक लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय वाद्यवृंद घेऊन ताजमध्ये आले. त्याआधीही मुंबईत नृत्यसंगीत वाजत असे, पण ते इंग्लंडहून आलेल्या छापील कागदांवरचे, नेमस्त. ॲबी यांच्या वृंदाने मुंबईकरांना उपज ऐकवली. त्यानंतर ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ यांच्या वृंदात वेदरफर्ड पियानोवर बसले.

१५/
१९३६ साली या वृंदाने मुंबईत तबकड्या केल्या. त्यांतील एक होती ‘ताजमहाल’ नावाची फॉक्सट्रॉट, मेना सायलस यांची रचना. १९३७ मध्ये वेदरफर्ड पॅरिसला गेले आणि तेथे ‘स्विंग’ या नाममुद्रेसाठी त्यांनी एकट्याने पियानो वाजवला. त्यांचा डावा हात स्पष्ट ऐकायचा असेल तर याच तबकड्या ऐकाव्यात : खर्जाचा भक्कम टोला आणि वर खट्याळ, चमकणारा उजवा हात. युरोपातच राहिले असते तर कदाचित त्यांचे नाव मोठे झाले असते. ते आशियात परतले. ताजमध्ये स्वतःचा वृंद चालवला, मग कोलंबो आणि अखेर कोलकाता.

१६/
या अमेरिकी वृंदांत रिकाम्या जागा भरायला आणि पुढे ते वृंद चालवायला मुंबईत माणसे तयार होती : गोव्याचे वादक. पोर्तुगीज राजवटीत चर्चच्या शाळांतून मुलांना व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकवले जाई. गोव्यात नोकऱ्या नव्हत्या, म्हणून ही पोरे मुंबईला येत आणि धोबीतलावच्या ‘कूड’मध्ये, म्हणजे आपापल्या गावाने चालवलेल्या सामायिक निवासात, राहत. त्यांना कागद वाचता येई. उपज ती कृष्णवर्णीय अमेरिकनांकडून घेतली. आल्डोणा गावचे अँतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने मुंबईचे आर्मस्ट्राँग म्हणून गाजले. मिकी कोरिया यांनी १९३९ पासून दोन दशकांहून अधिक काळ ताजचा वृंद सांभाळला.

१७/
१९४२ नंतर कोलकाता अमेरिकी सैनिकांनी भरून गेले. ग्रँड हॉटेलात वेदरफर्ड यांचा वृंद वाजू लागला. त्यात अमेरिकी कृष्णवर्णीय, अँग्लो-इंडियन, ब्रह्मदेशातून निर्वासित झालेले आणि नेपाळी वंशाचे वादक एकत्र होते. खुद्द अमेरिकी सैन्यात गोऱ्या आणि काळ्यांच्या तुकड्या वेगळ्या असताना हा मिश्र वृंद त्याच सैन्याची करमणूक करत होता. बाहेर रस्त्यावर १९४३ चा भीषण दुष्काळ आणि त्यामागोमाग रोगराई. त्याच शहराच्या पटकीने १९४५ मध्ये वेदरफर्ड यांचा बळी घेतला. हॉटेलच्या दिव्यांनी रोगाला अडवले नाही.

१८/
तिकडे अमेरिकेतही स्ट्राइडचा सूर्य कलत होता. डिसेंबर १९४३ मध्ये फॅट्स वॉलर रेल्वेप्रवासात न्यूमोनियाने वारले, वय एकोणचाळीस. जॉन्सन १९५१ मध्ये पक्षाघाताने अंथरुणाला खिळले. मात्र शैलीचा अस्त माणसे गेल्याने झाला नाही, कामाची वाटणी बदलल्याने झाला. मोठ्या वृंदात खर्जासाठी स्वतंत्र बासवादक आणि ठेक्यासाठी ड्रमवादक आला. मग पियानोच्या डाव्या हाताने तेच काम केले तर गर्दी होऊ लागली. १९४० च्या दशकातील बीबॉप शैलीत बड पॉवेल यांच्यासारख्यांनी डाव्या हाताला अधूनमधून दोन-तीन स्वरांचा टोला देण्यापुरते ठेवले. ढांग थांबली. नव्या पिढीला ती जुनाट आणि करमणुकीची वाटू लागली.

१९/
मुंबईतील कारणे निराळी. स्वातंत्र्यानंतर इंग्रज गेले, अनेक अँग्लो-इंडियन कुटुंबे परदेशी गेली, संस्थानिकांच्या थैल्या आटल्या. त्यात ‘मुंबई दारूबंदी कायदा, १९४९’ आला आणि १९५० पासून संपूर्ण दारूबंदी सुरू झाली. येथे एक विलक्षण विरोधाभास आहे. अमेरिकेत १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळातच स्ट्राइड बहरला, कारण तो घरात, चोरून भरणाऱ्या मैफलीत वाजत होता. मुंबईत मात्र जॅझ परवानाधारक हॉटेलांच्या आधाराने जगत होता. दारू चोरून विकणाऱ्या आंटीच्या खोलीत पियानो नव्हता. कायदा एकच, ज्या कलेचे घर गरिबांच्या वस्तीत होते ती तगली, जिचे घर श्रीमंतांच्या दालनात होते ती बेघर झाली.

२०/
बेघर झालेल्या वादकांना आसरा दिला तो चित्रपटांनी. अमेरिकेत ज्या बोलपटाने वादकांचा घास हिरावला, त्याच बोलपटाने मुंबईत त्यांना रोजी दिली. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांनी चिक चॉकलेट यांना सोबत घेतले. भगवानदादांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटात चिक यांचा वृंद पडद्यावरही दिसतो. पण बहुतेक गोवेकर संयोजकांची नावे श्रेयनामावलीत येत नसत. प्यारेलाल यांचे व्हायोलिनगुरू अँथनी गोन्साल्विस यांचे नाव देशभर पोहोचले ते ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधल्या एका विनोदी गाण्यातून. पियानो चित्रपटात राहिला, परंतु नायकाने टेकून विरहगीत गाण्याचे आसन म्हणून. डाव्या हाताला तेथे ढांग टाकण्याचे कारण नव्हते.

२१/
१९५८ मध्ये अमेरिकी सरकारने सांस्कृतिक दूत म्हणून डेव्ह ब्रूबेक यांना पाठवले. मुंबईचे तरुण पियानोवादक एडवर्ड सालदान्हा, ‘डिझी साल’, यांचे वादन ऐकून ते प्रभावित झाले आणि डिझी यांना बॉस्टनच्या बर्कली येथे शिकण्याची संधी मिळाली. त्यांची भाषा आधुनिक होती. १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन यांचा वृंद भारतभर फिरला, मुंबईतही वाजला. गुंडाळीवरून ‘कॅरोलिना शाउट’ शिकलेला तो तरुण आता चौसष्ट वर्षांचा होता. म्हणजे स्ट्राइडच्या पहिल्या पिढीचा थेट वारस मुंबईत येऊन गेला. पण श्रोत्यांसाठी ते मोठ्या वृंदाचे नेते होते, स्ट्राइडवादक नव्हेत.

२२/
पुनरागमन कसे झाले? एक, शैली पूर्ण मेलीच नव्हती. आधुनिकांतले आधुनिक थेलोनियस मंक एकटे वाजवताना ढांग टाकत. दोन, राल्फ सटन, डिक वेलस्टूड, डिक हायमन या गोऱ्या वादकांनी जुन्या तबकड्या घासून घासून ऐकत ती जिवंत ठेवली. तीन, १९७३ च्या ‘द स्टिंग’ या चित्रपटाने जॉप्लिन यांचा रॅगटाइम पुन्हा लोकप्रिय केला आणि लोक त्याच्या पुढच्या पिढीकडेही वळले. १९७८ मध्ये वॉलर यांच्या गाण्यांवरचे ‘एन्ट मिसबिहेविन’ हे नाटक ब्रॉडवेवर गाजले. ज्युडी कारमायकेल या स्ट्राइडवादिकेने पुढे अमेरिकी सरकारच्या वतीने भारतातही मैफली केल्या.

२३/
या पुनरागमनातील एक गंमत अभ्यासकांनी जरूर टिपावी. जुन्या पिढीतील यूबी ब्लेक यांना १९६९ मध्ये नव्याने प्रसिद्धी मिळाली. त्यांच्या ध्वनिमुद्रिकेच्या नावातच ‘शहाऐंशी वर्षे’ असा उल्लेख होता. १९८३ मध्ये त्यांची शंभरीही साजरी झाली. नंतर सरकारी कागदपत्रांत जन्मसाल १८८७ आढळले. म्हणजे शंभरीला ते शहाण्णव वर्षांचे होते. साक्षीदार प्रत्यक्षदर्शी असला, आदरणीय असला, तरी त्याचे म्हणणे कागदाशी ताडून पाहावे लागते. आणि उलटही खरे : कागदावर नसलेले वेदरफर्ड यांच्यासारखे लोक साक्षींतूनच सापडतात.

२४/
भारतात काय परत आले? फेब्रुवारी १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने मुंबईत पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली. सनी रोलिन्स येऊन वाजवून गेले. १९८० च्या दशकात इंग्लंडमधील हार्लेक्विन या नाममुद्रेने १९२६ ते १९४४ या काळातील भारतातल्या जॅझ तबकड्या एकत्र करून पुन्हा प्रसिद्ध केल्या. २०१२ मध्ये नरेश फर्नांडिस यांचे ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ हे पुस्तक आले. नाव त्या १९३६ च्या तबकडीवरून. हे पुनरागमन स्मृतीचे आहे. भारतात स्ट्राइड वाजवणाऱ्यांची परंपरा त्यातून उभी राहिली, असे मात्र म्हणता येणार नाही.

२५/
तरी एक धागा तुटलेला नाही. कोलकात्यात वेदरफर्ड यांच्या वृंदात ट्रंपेट वाजवणारे एक नेपाळी वंशाचे वादक होते : पुष्कर बहादूर, रंगमंचावरील नाव जॉर्ज बँक्स. त्यांच्या मुलाचे नाव त्यांनी आर्मस्ट्राँग यांच्यावरून ठेवले. तो मुलगा पियानो शिकला, कोलकात्याहून मुंबईला आला आणि भारतीय जॅझचा सर्वांत परिचित चेहरा झाला : लुई बँक्स. १९८८ चे ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ आठवते ना? त्या गीताच्या चालीशी आपले अशोक पत्की यांचे नाव जोडलेले आहे आणि संयोजनाशी लुई बँक्स यांचे. दूरदर्शनसमोर बसलेल्या प्रत्येक मराठी घराने शिकागो-शांघाय-ताज-कोलकाता या प्रवासाचा एक अंश नकळत ऐकलेला आहे.

२६/
शेवटी आजचा डावा हात. गणेशोत्सवातील ऑर्केस्ट्रात वा बेंजो पार्टीत जो कीबोर्ड दिसतो, त्यावर बहुधा एकसष्ट पट्ट्या असतात, पियानोवर अठ्ठ्याऐंशी. ढांगेसाठी लागणारी डावीकडची जमीनच त्यात कमी झाली. शिवाय कीबोर्डमध्ये एक सोय असते : डाव्या हाताने एक कॉर्ड धरून ठेवली की खर्ज, ठेका, भरणा सगळे यंत्र वाजवते. रेंट पार्टीत एका माणसाने जे काम अंगावर घेतले, ते आधी बास आणि ड्रमवाल्याकडे गेले, आता चिपकडे गेले. वेल्डिंगच्या ओळीवर रोबो आलेला पाहिलेल्या वाचकाला हा क्रम ओळखीचा आहे.

२७/
पण ‘कॅरोलिना शाउट’ची गुंडाळी आठवावी. यंत्राचा वेग कमी करून, पट्ट्यांवर बोटे ठेवून ती विद्या शिकणारा कोणी तरी निघाला, म्हणून ती पुढे गेली. वेदरफर्ड यांच्या १९३७ च्या पॅरिसमधील तबकड्या आज फोनवर ऐकता येतात. ऐकताना उजव्या हाताच्या करामतींकडे लक्ष जाईलच. ते बाजूला ठेवून एकदा केवळ डावा हात ऐकावा. एका मात्रेला खाली, दुसऱ्या मात्रेला वर. तो हात मुंबईत वाजत होता.

(धागा समाप्त)